हायब्रिड गाडीच्या ब्रेकची कुरकुर

ब्रेक दाबल्यावर चाकातून येणारे आवाज ढोबळमानाने दोन जातींचे असतात. एक बारीक, उंच पट्टीतला, कानात घुसणारा ‘चीं’. दुसरा जाड, खरखरीत, लोखंडावर लोखंड घासल्याचा. पेट्रोल वा डिझेलच्या साध्या गाडीत दोन्ही वेळा पहिला संशय पॅडच्या झिजेवर घेतला जातो आणि बहुधा तो खरा ठरतो. हायब्रिड गाडीत याच आवाजांमागे बऱ्याचदा उलटे कारण निघते: ब्रेक पुरेसा वापरलाच गेलेला नसतो. चाक उघडून पाहावे तर पॅडची जाडी जवळपास नव्याइतकी, आणि डिस्कच्या आतल्या अंगाला मात्र गंजाचे पोपडे, हे दृश्य हायब्रिड हाताळणाऱ्या गॅरेजांच्या परिचयाचे आहे. म्हणून अशा गाडीचा आवाज ओळखताना पहिला प्रश्न ‘पॅड किती उरले?’ हा न ठेवता ‘आवाज आला त्या क्षणी गाडीला नेमका कोणता ब्रेक थांबवत होता?’ हा ठेवावा लागतो.

एका पेडलमागे दोन ब्रेक

माणसांसह 1500 किलो वजनाची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे 2 लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. साध्या गाडीत थांबताना ही जवळजवळ सगळी ऊर्जा पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून उष्णता होऊन हवेत जाते. हायब्रिडमध्ये चाकांना जोडलेली विद्युत मोटर ब्रेक लावताना जनित्र बनते, ऊर्जेचा मोठा वाटा विजेच्या रूपात बॅटरीकडे परत पाठवते आणि ते करताना चाकांना रोखते. याला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, बोलताना नुसते ‘रिजन’ म्हणतात. टोयोटाने डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये प्रियस विक्रीस आणली तेव्हापासून ही पद्धत सामान्य ग्राहकाच्या हाती आली. भारतात ती 2022 पासून खऱ्या अर्थाने पसरली. होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा हायरायडर, मारुती सुझुकी ग्रँड विटारा आणि इनोव्हा हायक्रॉस या गाड्या त्याच वर्षी आल्या.

ब्रेकचे पेडल दाबले की गाडीतला संगणक आधी रिजनकडे काम सोपवतो आणि उरलेले तेवढे घर्षणाच्या ब्रेककडे देतो. दोघांमधली ही देवघेव चालकाच्या पायाला जाणवू नये, अशी रचना असते. टोयोटाच्या पद्धतीत तर नेहमीच्या वेळी पेडल थेट चाकातल्या, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरला दाब देतच नाही. पायाला जाणवणारा विरोध एका वेगळ्या यंत्रणेने निर्माण केलेला असतो आणि प्रत्यक्ष दाब पंप व झडपा ठरवतात. ही देवघेव बिनसली की काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण फेब्रुवारी 2010 चे आहे. टोयोटाने तेव्हा प्रियस आणि इतर काही हायब्रिड मिळून जगभरातून सुमारे 4 लाख 37 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर एबीएस, म्हणजे चाके अडकून घसरू न देणारी यंत्रणा, चालू होताना क्षणभर ब्रेक सुटल्यासारखे वाटे. दुरुस्ती झाली ती सॉफ्टवेअरची. पॅडला कोणी हात लावला नाही.

आवाजाच्या निदानासाठी महत्त्वाचे हे की काही प्रसंगी रिजन माघार घेते आणि घर्षणाचा ब्रेक एकटा उरतो. गाडी अगदी हळू, ताशी 10 किलोमीटरच्या आसपास आली की मोटरची रोखण्याची शक्ती उपयोगाची राहत नाही. शेवटचे काही मीटर पॅडच गाडी थांबवतात. जोराचा ब्रेक मारला तर रिजनची मर्यादा ओलांडली जाते आणि पॅड मदतीला येतात. एबीएस चालू झाले की रिजन बाजूला होते. रिव्हर्समध्येही मुख्य भार पॅडवरच असतो. आणि बॅटरीत जागा उरली नाही, की रिजनला वीज ठेवायला ठिकाणच नसते.

हा शेवटचा प्रसंग महाराष्ट्रातल्या चालकाला घाटात भेटतो. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे 500 मीटर खाली उतरतो. 1500 किलोच्या गाडीच्या बाबतीत या उतारात साधारण 73 लाख ज्यूल, म्हणजे सुमारे 2 किलोवॉट-तास ऊर्जा मोकळी होते. त्यातली बरीच हवेच्या आणि टायरच्या विरोधात जाते. तरीही उरते ती हायरायडर किंवा ग्रँड विटाराच्या 0.76 किलोवॉट-तासांच्या बॅटरीला जड जाण्याइतकी असते, कारण ही बॅटरी मुळातच अर्धीअधिक भरलेली ठेवलेली असते. अर्ध्या घाटातच रिजन मंदावते. मग इंजिनाचा रोध वापरणारी ‘बी’ स्थिती उपयोगी पडते आणि पॅडनाही खरे काम करावे लागते. सपाट शहरात गप्प असलेला ब्रेक घाटात बोलू लागला, तर त्याचे गूढ वाटायला नको.

इथे एक भेद नोंदवला पाहिजे. ‘माइल्ड हायब्रिड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत छोटे स्टार्टर-जनित्र बसवलेले असते आणि त्याचे रिजन नाममात्र असते. अशा गाडीचे ब्रेक साध्या गाडीसारखेच झिजतात. पुढचे विवेचन मुख्यतः वर सांगितलेले पूर्ण रिजन करणाऱ्या ‘स्ट्राँग हायब्रिड’ला लागू आहे.

‘चीं’ कुठून येतो

पॅड डिस्कवर एकसारखा घसरत नाही. तो क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. हे सेकंदाला हजारो वेळा घडते आणि पॅड, कॅलिपर व डिस्क यांतला एखादा भाग आपल्या स्वाभाविक कंपनसंख्येवर थरथरू लागतो. फळ्यावर खडू विशिष्ट कोनात धरला की किंचाळतो, तोच हा प्रकार. ब्रेकच्या चीत्काराची कंपनसंख्या साधारण 1000 हर्ट्झपासून 15 हजार हर्ट्झच्या आसपासपर्यंत असते. माणसाचा कान 2 ते 5 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असल्याने यातला बराच भाग नको तितका ऐकू येतो.

हे दुखणे डिस्क ब्रेकइतकेच जुने आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याच्या ब्रेकमध्ये धातूच्या डिस्कवर तांब्याचे अस्तर घासत असे आणि आवाज असह्य होता. 1907 मध्ये हर्बर्ट फ्रूडने ॲस्बेस्टॉसचे अस्तर वापरून तो आवाज शमवला. ॲस्बेस्टॉस पुढे फुप्फुसांना घातक ठरले आणि बहुतेक आधुनिक पॅडमधून हद्दपार झाले, पण घर्षणाच्या जागी मऊ आणि कंपन शोषणारा पदार्थ हवा, हे फ्रूडचे सूत्र टिकून आहे. आजच्या पॅडच्या पाठीला चिकटवलेली पातळ शिम, पॅडच्या कडांना दिलेला उतार आणि मधली खाच ही सगळी त्याच कामासाठी असते. स्वस्तातले पॅड बसवताना शिम टाकून दिली, तर नवा पॅड पहिल्या दिवसापासून ओरडू शकतो, आणि दोष मात्र गाडीला दिला जातो.

हायब्रिडमध्ये चीत्काराला आणखी एक सोयीची परिस्थिती मिळते. पॅडचा डिस्कशी संबंध येतो तो बहुतेक वेळा अगदी कमी वेगात, हलक्या दाबाने आणि थंड अवस्थेत. कंपन सुरू व्हायला ही अवस्था पोषक असते. शिवाय सतत हलके घासत राहिल्याने पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. मेकॅनिकांच्या भाषेत पॅड ‘ग्लेझ’ होतो. साध्या गाडीत अधूनमधून लागणारे जोराचे ब्रेक हा थर खरवडून काढतात. हायब्रिडमध्ये तो वाव रिजन खाऊन टाकते. सिग्नलपाशी गाडी थांबता थांबता शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये येणारा बारीक ‘चीं’, जो जोराने ब्रेक मारला तर येत नाही, तो बहुधा याच ग्लेझ झालेल्या पॅडचा असतो. त्रासदायक, पण धोकादायक नाही.

धोक्याचा चीत्कार वेगळा ओळखता येतो. अनेक गाड्यांच्या पॅडवर स्प्रिंगच्या पत्र्याची एक छोटी जीभ बसवलेली असते. घर्षणाचा थर 2 ते 3 मिलिमीटरवर आला की ही जीभ डिस्कला टेकते आणि मुद्दाम आवाज करते. तिचा आवाज ब्रेक न दाबताही, गाडी चालत असताना सतत येतो, चाकाच्या फेऱ्यांबरोबर त्याची गती बदलते आणि ब्रेक दाबल्यावर अनेकदा तो थांबतो किंवा बदलतो. म्हणजे ब्रेक दाबल्यावरच येणारा ‘चीं’ आणि ब्रेक सोडल्यावर येणारा ‘चीं’ यांचे अर्थ निराळे आहेत. दुसरा ऐकू आला तर लवकरच पॅड पाहावेत. हायब्रिडचे पॅड लाखभर किलोमीटरही टिकू शकतात, या ऐकीव समाधानावर विसंबून तो आवाज ‘हायब्रिडचा नेहमीचा’ समजला जातो. ही समजूत महागात पडते.

खरखर: गंज, खडा की लोखंड?

डिस्क ओतीव लोखंडाची असते आणि तिच्यावर रंग देता येत नाही, निदान पॅड जिथे घासतो तिथे तरी. पावसात किंवा गाडी धुतल्यावर रात्रभर उभी राहिली की तिच्यावर तांबूस थर चढतो. सकाळी पहिल्या काही ब्रेकना येणारी खरखर या थराची असते. साध्या गाडीत चार-पाच ब्रेकमध्ये तो पुसला जातो. हायब्रिडमध्ये पहिले चार-पाच ब्रेक रिजनच लावते, त्यामुळे थर राहतो, ओल धरतो आणि खोल जातो. रोज दोन-तीन किलोमीटर, तेही हळूहळू चालणाऱ्या गाडीत ही प्रक्रिया आठवड्यागणिक वाढते. कोकणपट्टी, मुंबई, गोवा इथल्या खारट दमट हवेत ती आणखी झपाट्याने होते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बंद पडवीतली गाडीही सुटत नाही.

गंजाचा सर्वांत फसवा भाग डोळ्यांआड असतो. चाकाच्या जाळीतून दिसते ती डिस्कची बाहेरची बाजू. आतली बाजू, म्हणजे गाडीच्या पोटाकडची, चिखल उडवणाऱ्या हवेत असते आणि तिच्यावरचा थर सहजी दिसत नाही. बाहेरून डिस्क आरशासारखी चकाकत असताना आत निम्मा पट्टा गंजलेला असू शकतो. ‘पाहिले, ठीक आहे’ असे सांगणाऱ्याने चाक काढून, टॉर्च लावून, आतली बाजू पाहिली होती का, हे विचारणे योग्य. डिस्कच्या बाहेरच्या कडेला, जिथे पॅड पोचतच नाही, तिथे गंजाची उंच कड तयार होते. पॅड जरासा सरकला की त्या कडेला घासतो आणि वळणावर किंवा खड्ड्यात खरखर होते.

गाडी काही आठवडे ओल्या जागी हँडब्रेक लावून उभी राहिली, तर मागचा पॅड डिस्कला चिकटतो. निघताना ‘टक’ असा आवाज येऊन तो सुटतो आणि डिस्कवर पॅडच्या आकाराचा ठसा राहतो. पुढे ब्रेक लावताना प्रत्येक फेरीला एकदा ‘घर्र’ येते ती त्या ठशाची. बराच काळ उभी ठेवायची गाडी सपाट जागेवर ‘पी’मध्ये, चाकांना अटकाव लावून आणि हँडब्रेक न ओढता ठेवणे यासाठीच बरे.

या सगळ्यात अधिक गंभीर भानगड कॅलिपरच्या स्लाइड पिनांची. बहुतेक गाड्यांत कॅलिपर तरंगता असतो: एकच पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना वंगणावर मोकळ्या सरकल्या तरच दोन्ही पॅड सारखे झिजतात. पिनेवरचे रबरी बूट फाटले, पाणी आत गेले, वंगण सुकले की पिना जाम होतात. मग एकटा आतला पॅड काम करतो, तोच झिजून लोखंडी पाठीवर येतो, आणि बाहेरून दिसणारा पॅड मात्र जाडजूड राहतो. जाळीतून पाहून ‘पॅड अजून खूप आहे’ असे म्हणणारा इथे फसतो. पॅडचे दोन कान ज्या खोबणीत सरकतात तिथेही गंज फुगून पॅड अडकू शकतो. तो मग मागे सरकत नाही आणि सतत डिस्कला लागून राहतो. पिना आणि खोबण्या रोजच्या हालचालीने मोकळ्या राहतात. हायब्रिडमध्ये ती हालचालच कमी होते.

अडकलेला ब्रेक ओळखायला हायब्रिडमध्ये एक खास खूण मिळते. सपाट रस्त्यावर शांतपणे चालवलेल्या हायब्रिडची चाके जवळजवळ थंड राहायला हवीत, कारण उष्णता निर्माण करणारे घर्षण फारसे झालेलेच नसते. अशा फेरीनंतर चाकाला हात न लावता फक्त जवळ नेऊन पाहावे. एक चाक इतर तिन्हींपेक्षा स्पष्ट गरम असेल किंवा जळल्याचा वास येत असेल, तर तिथे ब्रेक अडकतो आहे. जोडीला मायलेज घटलेले आणि गाडी नुसती सोडली असता पूर्वीइतकी न घरंगळणारी असते. साध्या गाडीत चारही चाके तापलेली असल्याने हा फरक इतका उघड दिसत नाही.

गंजाने आणखी एक गोष्ट बिघडते जी जाडी मोजून कळत नाही. पॅडचा घर्षणाचा थर लोखंडी पाठीवर चिकटवलेला असतो. वर्षानुवर्षे ओलीत राहिल्याने त्या सांध्यात गंज शिरतो, फुगतो आणि थर पाठीपासून उचलला जातो. थर जाड असतानाही तो कडेने सुटलेला किंवा भेगाळलेला दिसला, तर पॅड बदलणे एवढाच उपाय. किलोमीटरवर नजर ठेवणाऱ्या मालकाला हे पटायला वेळ लागतो. हायब्रिडचे पॅड झिजण्याआधी वयानेही जाऊ शकतात.

सगळीच खरखर गंजाची नसते. डिस्कच्या मागे चिखल अडवणारा पातळ पत्रा असतो. खडीच्या रस्त्यावरून किंवा नुकत्याच डांबर टाकलेल्या रस्त्यावरून जाताना एखादा खडा पत्रा आणि डिस्क यांच्यात अडकतो आणि कानठळ्या बसवणारा कर्कश आवाज करतो. तो ब्रेकशी संबंध न ठेवता सतत येतो, कधी एकाएकी थांबतो. थोडे मागेपुढे केल्यावर खडा बहुधा पडून जातो. चाक बदलताना पत्रा वाकला असेल तर तोही डिस्कला लागतो. हाताने जागेवर सरकवला की प्रश्न मिटतो. निदानातला हा सर्वांत स्वस्त शेवट, म्हणून तो आधी तपासावा.

आणि शेवटी, थर पूर्ण संपून पॅडची लोखंडी पाठ डिस्कवर घासण्याची खरखर. ती खोल, दाणेदार, पेडलमध्ये जाणवणारी असते, दर ब्रेकला येते आणि दिवसागणिक वाढते. डिस्कवर बोटाला लागतील अशा वर्तुळाकार चरे पडतात. हा आवाज आल्यावर गाडी चालवत राहणे म्हणजे पॅडच्या खर्चात डिस्कची भर टाकणे, आणि त्याहून वाईट म्हणजे थांबण्याचे अंतर वाढवणे. हायब्रिडमध्ये दुसरा धोका अधिक लपतो: रोजच्या हलक्या ब्रेकला रिजन सांभाळून घेते, त्यामुळे घर्षणाचा ब्रेक किती दुबळा झाला आहे, हे अचानक जोराने थांबावे लागते तेव्हाच कळते.

ब्रेकचे नसलेले आवाज

हायब्रिड गाडी ब्रेक लावताना काही आवाज असे करते ज्यांचा पॅड-डिस्कशी काही संबंध नाही. वेग कमी होताना उतरत जाणारा ‘सूं’ आवाज मोटर आणि इन्व्हर्टरचा असतो. मुंबईच्या थ्री-फेज लोकल स्थानकात शिरताना जो आवाज करतात तो याच जातीचा, कारण त्याही ब्रेक लावताना वीज परत पाठवतात. दरवाजा उघडताच किंवा पेडल दाबताच बोनेटखालून येणारी क्षणभराची ‘घुंई’ हा ब्रेकच्या पंपाचा आवाज आहे. हा पंप दाब साठवून ठेवतो आणि ठरावीक दाबाला थांबतो. पेडलच्या प्रत्येक दाबाला तो पुन्हा पुन्हा, बराच वेळ चालू लागला तर दाब टिकत नाही असा अर्थ निघतो, आणि ती गोष्ट तातडीने दाखवण्यासारखी. कमी वेगात पादचाऱ्यांना सावध करणारा बारीक आवाज काही गाड्या मुद्दाम काढतात. चाकाचे बेअरिंग गेले तर घरघर वेगाबरोबर वाढते आणि वळण घेताना एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला कमी होते. ब्रेक दाबल्याने तिच्यात फरक पडत नाही.

आवाजाची उलटतपासणी

चाक उघडण्याआधी बरेच काही गाडी चालवून ठरवता येते. आवाज नेमका कधी येतो, हे दोन-तीन दिवस टिपून ठेवले तरी मेकॅनिकचे निम्मे काम होते: सकाळी पहिल्यांदाच की दिवसभर, थांबता थांबता की वेगात, ब्रेकवर पाय असताना की नसताना, पुढे जाताना की मागे. काचा खाली करून भिंतीलगत हळू चालवले की आवाज परावर्तित होऊन डावा की उजवा हे कळते. रिव्हर्समध्ये पहिल्या ब्रेकला येणारा एकच हलका ‘टक’ म्हणजे पॅड खोबणीत दिशा बदलतो त्याचा; तो सोडून द्यावा.

हायब्रिडसाठी सर्वांत उपयोगी चाचणी म्हणजे रिजनला बाजूला काढणे. बहुतेक स्ट्राँग हायब्रिडमध्ये ‘एन’ निवडल्यावर मोटर वीज परत घेत नाही आणि ब्रेकचा सगळा भार पॅडवर येतो. सरळ, सपाट, पूर्ण रिकाम्या रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरला एकदा ‘डी’मध्ये आणि एकदा ‘एन’मध्ये सारखाच ब्रेक लावून पाहावा. ‘डी’मध्ये फक्त शेवटच्या काही मीटरला येणारा आवाज ‘एन’मध्ये सुरुवातीपासून येऊ लागला, तर तो नक्की पॅड-डिस्कचा. ‘डी’मधला आवाज ‘एन’मध्ये नाहीसा झाला, तर तो मोटर-इन्व्हर्टरचा. ही चाचणी दोन-तीन ब्रेकपुरतीच करायची आहे. उतारावर ‘एन’मध्ये गाडी सोडणे धोक्याचे आहे आणि रहदारीत तर हा प्रयोग मुळीच करू नये.

याच युक्तीचा दुसरा उपयोग उपचाराचा आहे. कोवळा गंज आणि हलके ग्लेझिंग यांवर सर्वांत साधा इलाज म्हणजे मागे-पुढे वाहन नसताना ‘एन’मध्ये काही दमदार ब्रेक लावणे, म्हणजे पॅड तापतात आणि पृष्ठभाग स्वच्छ होतो. ‘डी’मध्येही ब्रेक पुरेसा जोरात असेल तर घर्षणाची भर पडतेच. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, विशेषतः गाडी धुतल्यावर उभी करण्याआधी हे केले तर अनेक कुरकुरी गॅरेजपर्यंत जातच नाहीत. यानेही आवाज गेला नाही, तर चाक काढणे आले.

चाक काढल्यावर

हायब्रिडच्या ब्रेकवर काम करताना पहिली दक्षता अशी की पंप आपल्या मनाने चालू होऊ शकतो. गाडी बंद असली तरी दरवाजा उघडल्याने यंत्रणा जागी होऊन दाब देते. त्या वेळी कॅलिपर उतरवलेला असेल तर पिस्टन बाहेर येतो, आणि मध्ये बोट असेल तर चिरडते. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या रीतीने यंत्रणा आधी निष्क्रिय केली जाते. मागच्या कॅलिपरवर विजेचा हँडब्रेक असेल तर तोही दुरुस्तीच्या स्थितीत न्यावा लागतो. जबरदस्तीने पिस्टन आत ढकलला की आतली मोटर आणि स्क्रू यांचे नुकसान होते. केवळ पॅड बदलायचे म्हणून रस्त्याकडेच्या गॅरेजात पाना लावण्याआधी ही माहिती तिथे आहे का, हे विचारून घ्यावे. ब्रेक ऑइल बदलून हवा काढण्याचे काम तर अनेक मॉडेलांत स्कॅनरशिवाय नीट होत नाही.

तपासणीत चारही चाकांतल्या पॅडची जाडी, तीही आतल्या-बाहेरच्या दोन्ही, मोजून लिहावी. नवा पॅड साधारण 10 ते 12 मिलिमीटर घर्षणथराचा असतो. दोन्हींत मोठा फरक दिसला तर पिना तपासाव्यात. नुसते पॅड बदलून दिल्यास तोच आजार काही महिन्यांत परत येतो. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. तिच्या वर भरपूर शिल्लक असेल आणि गंज वरवरचा असेल तर लेथवर फेस करून घेता येते; खोल खड्डे पडले असतील तर डिस्क बदलणेच शहाणपणाचे, आणि ती एकाच बाजूची न बदलता जोडीने बदलावी.

वंगणाबाबत गॅरेजांत सर्वाधिक चूक होते. पिनांना साधे ग्रीस लावले तर त्यातल्या खनिज तेलाने रबरी बूट फुगतात आणि पिना पूर्वीपेक्षा लवकर जाम होतात. ब्रेकसाठी बनवलेले सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीसच, तेही पिनांना आणि पॅडच्या पाठीला विरळ लावावे. डिस्कवर थेंब गेला तर पॅड वाया जातो. आवाज घालवण्यासाठी पॅडवर तेल किंवा गंजनाशक फवारा मारणे हा तर अपघाताला आमंत्रण देणारा उद्योग आहे. ब्रेकची धूळ हवेच्या नळीने उडवू नये, ती श्वासात जाते. ब्रेक क्लीनरने धुवावी.

नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कशी जुळायला वेळ लागतो. साध्या गाडीत हे काही दिवसांत होते. हायब्रिडमध्ये रिजन मध्ये येत असल्याने ते आठवड्यांवर जाऊ शकते, आणि त्या काळात येणारा हलका ‘चीं’ म्हणजे काम बिघडले असे नव्हे. गॅरेजनेच रिकाम्या रस्त्यावर मध्यम जोराचे काही ब्रेक, मध्ये थंड व्हायला वेळ देत, लावून दिले तर हा काळ आखूड होतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि ओल पिस्टनला आतून गंजवते, म्हणून पॅड कितीही शिल्लक असले तरी ते कंपनीने दिलेल्या मुदतीत, बऱ्याच गाड्यांत दर 2 वर्षांनी, बदलायचे असते. स्ट्राँग हायब्रिडच्या मालकाने वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, चारही कॅलिपर उतरवून पिना आणि खोबण्या साफ करून घ्याव्यात आणि बिलावर पॅडची आतली-बाहेरची जाडी लिहून मागावी. पुढच्या वर्षी ‘चीं’ ऐकू आला तर पहिला संदर्भ त्या आकड्यांचाच लागेल.